भाव उतरेपर्यंत

ताईने मला आजवर एकच वस्तू मागितली, आणि ती मी तिला आठ महिने दिली नाही. पैसे नव्हते म्हणून नाही. ती स्वस्त व्हायची वाट बघत होते म्हणून. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं, आणि कुणाकुणावर फिरतं हे सांगायला बसले तर यादी बरीच मोठी होईल.

ताई माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग केलं, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं आणि कोपरीतल्या त्यांच्याच दोन खोल्यांत ती अजून एकटी राहते. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, बारा ते चार डायलिसिस. डाव्या हातात दोन जाड सुया, तो हात चार तास वाकवायचा नाही. समोर भिंतीवर एक टीव्ही, त्याचा रिमोट कायम दुसऱ्याच कुणाच्या तरी उशीखाली.

मी डोंबिवलीला राहते आणि एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत नोकरी करते. आमच्याकडे सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून शुक्रवारी ताईसोबत मी. सोमवारी-बुधवारी ती रिक्षाने एकटी जाते-येते.

तिच्या शेजारच्या खाटेवर तेव्हा कॉलेजात शिकणारी एक मुलगी यायची. बडबडी होती, ताईला मावशी म्हणायची. तिच्याकडे पुस्तकासारखा उघडणारा एक छोटा व्हिडिओ गेम होता. वर एक पडदा, खाली एक पडदा, आणि खालच्या पडद्यावर प्लास्टिकच्या बारीक पेनाने खेळायचं. मांडीवर उशी, उशीवर गेम, उजव्या हातात पेन. डाव्या हाताचं कामच नाही. एका शुक्रवारी तिने तो ताईला दहा मिनिटं दिला. चौकटी भरत जायचं आणि भरून झाल्या की चित्र दिसायचं, असलं काहीतरी कोडं होतं. ताईने ते पूर्ण केलं आणि गेम परत देताना हात जरा रेंगाळला. ते मी बघितलं.

फोनवर असले खेळ तिने खेळून बघितलेले. पण दर दोन मिनिटांनी जाहिरात यायची, आणि जाहिरात संपते न संपते तोच कुणातरी नातेवाइकाचा फोन, आता कसं वाटतंय म्हणून. सव्वीस वर्षं भिंगाखाली बारीक काम केलेली बाई. तिच्या हाताला काम नसलं की ती चादरीचे दोरे ओढत बसते. सेंटरच्या चादरींना तिच्या बाजूला झालरी झालेल्या.

"मला असला एक पाहिजे गं," ती म्हणाली. "कितीला मिळतो, बघशील?"

बघते म्हटलं. जून महिना होता.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी कंपनीत परचेसला आहे. ड्रम, व्हॉल्व्ह, गास्केट, सॉल्व्हंट, सगळ्याची खरेदी बावीस वर्षं मी करते. समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला मी आजवर काही घेतलेलं नाही. सप्लायर माझ्यासमोर खुर्चीत टेकायच्या आधीच दोन टक्के कमी करून बसतात. घरीही तेच. नवरा म्हणतो की भाजीवाल्या मला लांबून बघून टोपल्या झाकतात. मला याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू, भरपूर होता.

त्याच आठवड्यात मी दुकानं पालथी घातली. डोंबिवलीत स्टेशनजवळ एका दुकानात तो गेम होता, चौदा हजार. ठाण्याच्या मॉलमध्ये पंधराच्या वर. मग कुणीतरी कल्याणचं एक दुकान सांगितलं, पश्चिमेला, मोबाईलच्या दुकानांच्या रांगेत. पुढे मोबाईलची कव्हरं टांगलेली आणि आत काचेच्या कपाटात गेमच गेम. मालक चाळिशीतला, चष्मा डोक्यावर चढवलेला, बोलायला एकदम मोकळा. त्याच्याकडेही चौदाच.

मी विचारलं की कमी कधी होईल. दुसऱ्या कुणी टाळलं असतं, याने स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. नवीन मॉडेल आलं की जुन्याचा भाव पडतो. खोक्याचा कोपरा दबला की पडतो. कपाटात महिनोन् महिने पडून राहिलं की पडतो, कारण तेवढी जागा अडते. एकाने खेळून परत विकलं की पडतो. बाकीच्या कंपन्यांचे गेम तर बाजारात आले की थोड्याच दिवसांत खाली येतात. ज्यांना दम धरवत नाही ते पहिल्या आठवड्यात पुऱ्या भावाने घेऊन मोकळे होतात, मग उरलेल्यांना आत ओढायला भाव उतरवावा लागतो. ही एकच कंपनी हट्टी, ती भावाला हात लावत नाही. पण हे मॉडेल जुनं झालंय, त्याला किती दिवस धरून बसतील?

"थोडं थांबलात तर फायदा आहे, मॅडम," तो म्हणाला.

माझीच भाषा बोलत होता तो. मी खूश होऊन परत आले आणि ताईला फोन करून सांगितलं की मिळतोय, पण आत्ता घेण्यात अर्थ नाही, भाव उतरणार आहे. ती बरं म्हणाली.

जुलैत तिने एकदा विचारलं. ऑगस्टमध्ये विचारलं नाही.

गणपतीच्या आसपास ऑनलाइन सेल लागला. जाहिरातीत मोठ्या लाल अक्षरात लिहिलेलं, तीस टक्के सूट. वर एक भाव खोडलेला, वीस हजार, आणि खाली चौदा. वीस हजार! तो गेम वीस हजारांना कधीच नव्हता. जूनपासून मी दर आठवड्याला त्या पानाचा फोटो काढून ठेवत होते, सेलच्या आदल्या आठवड्यापर्यंत चौदाच्या वर तो एकदाही गेलेला नव्हता. आठ दिवस आधी त्यांनी भाव वर चढवला आणि मग सूट म्हणून मूळ जागेवर आणला. मी कस्टमर केअरला फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकवलं, मग एक मुलगी आली. तिला सगळं सांगितलं, फोटो पाठवते म्हटलं. ती अतिशय गोड आवाजात म्हणाली की मॅडम, सूट खोक्यावर छापलेल्या किमतीवर असते. मी म्हटलं, खोक्यावर उद्या तुम्ही लाख रुपये छापाल. ती म्हणाली, आणखी काही मदत करू शकते का? मी ऑफिसमध्ये होते, आणि माझा आवाज इतका चढलेला की बाजूचा स्टोअरकीपर पाणी घेऊन आला.

त्या दिवशी माझा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पण त्या दिवशीही चौदा हजारांनाच तो मिळत होता, आणि मी रागाच्या भरात फोन ठेवला आणि घेतला नाही. फसवणाऱ्यांना पैसे द्यायचे नाहीत म्हणून. त्यांचं काय गेलं? शुक्रवारी मी गेले तेव्हा ताई छताकडे बघत पडलेली. मी तिला सगळी हकीकत रंगवून सांगितली. ती हसली थोडं.

भाऊबीजेला आम्ही कोपरीला जमलो. आमचा भाऊ आमच्या दोघींच्या मधला, मी त्याला दादा म्हणते. जेवताना बोलण्या-बोलण्यात गेमचा विषय निघाला. दादाचा घास हातातच राहिला. साठीला आलेल्या बाईने खेळणं घेऊन बसायचं, सेंटरमध्ये चार लोक बघतात, काय म्हणतील, असं म्हणाला. त्यापेक्षा भजनं भरलेला तो छोटा रेडिओ मिळतो, तो घे, मन शांत राहील.

ताई ताटात बघत होती. मी मात्र भडकले. "चार तास तू बसतोस का तिथे? एकदा तरी आलायस? नुसतं भजन ऐकून बघ सुया टोचून घेऊन."

वहिनी मध्ये पडली, विषय बदलला. घरी येताना मला वाटत होतं की ताईची बाजू मी काय जोरात घेतली. आज त्याचाही राग येतो. दादाने निदान तोंडावर नको म्हटलं. मी हो म्हणत होते आणि देत नव्हते, आणि वर त्याच्यावर ओरडत होते.

डिसेंबरात ताईला इन्फेक्शन झालं. थंडी वाजून ताप, शुद्ध हरपायला लागली, थेट आयसीयू. डॉक्टरांनी सांगितलं की रक्तात पसरलंय, दोन दिवस काही बोलता येणार नाही. मी आणि दादा बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होतो. दुपारची वेळ, दादा डबा आणायला गेलेला. मी सवयीने फोन काढला आणि ते पान उघडलं. भाव आठशे रुपयांनी उतरलेला. आणि माझ्या मनात काय यावं? की उतरायला लागलाय, म्हणजे अजून उतरेल.

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. काचेच्या पलीकडे बहीण नळ्या लावून पडलेली आणि अलीकडे मी आठशे रुपयांवर समाधान मानायचं की नाही याचा विचार करत होते. कुणी मला विचारलं असतं की ताई यातून उठेल का, तर मी हुंदका दिला असता. पण त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. बावीस वर्षांची सवय अशी असते.

ताई उठली. अकरा दिवसांनी घरी आली, हाडं वर आलेली, आवाज बारीक. जानेवारीत पुन्हा शुक्रवारी तिच्या शेजारी स्टुलावर बसायला लागले.

आणि फेब्रुवारीच्या शेवटी भाव कोसळला. सगळीकडे एकदम, एकाच आठवड्यात. साडेनऊ हजार. मला ऑफिसमध्ये नाचावंसं वाटलं. संध्याकाळी तडक कल्याण गाठलं. त्याच मालकाने हसून स्वागत केलं, म्हणाला की बोललो होतो ना, थांबा म्हणून. गेम दिला. वर दोन कार्डं दाखवली. त्या कंपनीचं इंटरनेटवर स्वतःचं दुकान असतं, कार्डावरचा नंबर टाकला की तेवढ्या किमतीचे खेळ घरबसल्या उतरवून घेता येतात. दोन्ही कार्डं अर्ध्या भावात देतो म्हणाला. दोन हजारांचं एकेक. मी दोन्ही घेतली. अर्ध्या भावात! घरी येईपर्यंत हिशोब करून झालेला की एकूण किती वाचले.

शुक्रवारी गेम ताईच्या उशीवर ठेवला. तिने चष्मा लावला, तो उलटसुलट करून पाहिला, मागच्या स्क्रूंवर नख फिरवलं. "हा एकदा उघडलेला आहे," ती म्हणाली. "या स्क्रूची खाच घासलीये. दुकानात लोकांना दाखवायला ठेवलेला असेल." मला टोचलं, पण तिचा चेहरा केवढा उजळलेला. आतमध्ये दोन साधे खेळ आधीपासूनच होते, त्यात ती तीन तास गढून गेली. तंत्रज्ञाने सुया काढायला सुरुवात केली तेव्हा म्हणाली, झालं का इतक्यात?

मग मी शेजारच्या मुलीला कार्डं दिली आणि म्हटलं, तुला येतं ना, त्या चौकटीचं कोडं उतरवून दे मावशीला. तिने कार्डाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, हे आता चालत नाही. त्यांनी ते ऑनलाइन दुकान बंद करायला घेतलंय. कार्डं घेणं कधीच थांबवलं, आणि पुढच्या महिन्यात सगळंच बंद. म्हणून तर हे स्वस्त झालंय. तुम्हाला दुकानात सांगितलं नाही?"

तिने तरी नंबर टाकून बघितला. पडद्यावर इंग्रजीत दिलगिरी आली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी कल्याणला गेले. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. मी कार्डं काचेवर आपटली आणि विचारलं की हे मेलेले कागद मला कसे विकलेत? मालकाने चष्मा डोळ्यांवर घेतला, कार्डं पाहिली, आणि शांतपणे म्हणाला की विकलेला माल परत नाही, बोर्ड लावलाय. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? त्याने कार्डं माझ्याकडे सरकवली. मी आवाज वाढवला. एक डायलिसिसची पेशंट आहे, तिच्यासाठी घेतलं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही मला स्टुलावर बसवून भाव का पडतो ते शिकवलंत, सगळी कारणं सांगितलीत आणि हेच एक गाळलंत? लोक वळून बघत होते. एक बाई मुलाला घेऊन बाहेर पडली.

मालकाचाही पारा चढला. "मॅडम, चौदाचं साडेनऊला घेताना तुम्ही विचारलंत का, की का स्वस्त झालं? एका शब्दाने तरी?"

नव्हतं विचारलं. आणि तो माणूस लबाड होता यात शंका नाही, पण हा प्रश्न तर माझाच होता. कारण ऑफिसमध्ये कुणी अचानक भाव कमी केला की माझा पहिला प्रश्न तोच असतो. एकदा असंच स्वस्त सॉल्व्हंट आलेलं, मी का म्हणून विचारलं, खोदून काढलं, तर ड्रमात पाणी मिसळलेलं निघालं. ज्याला विकायची घाई असते त्याच्याच मालाचा भाव पडतो, आणि घाईला कारण असतं. हे मी नवीन पोरींना शिकवते. कंपनीच्या ड्रमांसाठी विचारलं, बहिणीसाठी विचारलं नाही. सूट दिसली आणि अक्कल गहाण टाकली.

पण मी तिथून हलले नाही. स्टुलावर बसून राहिले. कार्डांच्या किमतीचं काहीतरी दिल्याशिवाय उठणार नाही म्हटलं, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला कार्डं दाखवायला लागले. अर्ध्या तासात त्याने खालून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. वापरलेल्या गेमच्या चिप्स, नखाएवढ्या, काहींवरचं चित्र पुसलेलं. या चिप्सना इंटरनेट लागत नाही, घातली की चालते. म्हणाला की घ्या तीन आणि जा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी ताईला फोन लावला आणि एकेक नाव वाचून दाखवलं. तिने शेजारच्या मुलीला विचारून ठेवलेलं होतं बहुतेक, कारण चौथ्याच नावाला म्हणाली, हेच ते चौकटीचं, हे घे. आणखी दोन अशीच उचलली.

पुढच्या शुक्रवारी मी जिंकून आल्यासारखी सेंटरमध्ये गेले. दुकानातला सगळा तमाशा सांगितला. ताईने चिप घातली, कोडं चालू झालं. तिने ते थांबवलं.

"जूनमध्ये कितीला होता हा?"

"चौदा हजार."

"आणि तुला साडेनऊला मिळाला."

"हो ना. आणि वर या चिप्स."

"म्हणजे साडेचार हजार," ताई म्हणाली. तिचा आवाज अजून बारीकच होता, मशीनच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागलं. "साडेचार हजारांसाठी मी आठ महिने छत बघितलं. मधे तर मी जाणारच होते. तुला विचारायचं तरी होतंस मला. माझ्याकडे होते गं साडेचार हजार. मला दुकानात जाता येत नाही म्हणून तुला सांगितलं, पैसे नाहीत म्हणून नाही."

मी काय करायला हवं होतं ते आता कळतं. तेव्हा मी चिडले. म्हटलं, सहा दुकानं हिंडले, भांडले, रजा टाकली, दादाशी तोंड वाजवलं, ते कुणासाठी? तुला बाजारातलं काय कळतं? शेजारची मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडली. मी पर्स उचलली आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. चार वाजेपर्यंत आत गेले नाही. मग ताईला रिक्षात बसवलं.

पुढचे दोन शुक्रवार मी नवऱ्याला पाठवलं. माझी पाठ दुखते असं सांगून. तो परत येऊन सांगायचा की ताई खेळत असते, मजेत आहे, तुझ्याबद्दल काही विचारलं नाही. त्याने मला आणखी लागायचं. तिसऱ्या शुक्रवारी सकाळपासून घरात सगळ्यांवर ओरडत होते, शेवटी मुलगी म्हणाली की आई तू जा ना ठाण्याला. गेले. ताईने मान वर केली नाही. पेन चालू होतं. थोड्या वेळाने म्हणाली, "ही उशी जरा वर कर. सरकतेय." मी उशी वर केली. तिने पाय आत घेतले आणि मला खाटेवर बसायला जागा केली. माफी मी मागितली नाही, आणि तिनेही तो विषय काढला नाही. हे असंच राहिलंय आमच्यात.

ती त्या कोड्यात फार तयार झाली. शेजारच्या मुलीला जे वीस मिनिटांत जमायचं ते ही बारा मिनिटांत करायची. एकदा दादा आला, मी बोलावलं म्हणून नाही, आपणहून. अर्धा तास तिच्या खांद्यावरून बघत उभा राहिला आणि मग म्हणाला की ताई, ती वरची ओळ चुकतेय. ती चुकत नव्हती. तिने त्याला का ते समजावलं. भजनाच्या रेडिओबद्दल तो काही बोलला नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला तिच्या आईची किडनी मिळाली आणि ती यायची थांबली. तिच्या खाटेवर आता एक घोरणारे गृहस्थ असतात.

दीड वर्ष गेम चालला. मग एका बुधवारी वरचा पडदा काळा झाला. ताईने घरी तो उघडला, भिंगातून बघितलं, आणि मला फोनवर सांगितलं की बिजागरीतून जाणारी पातळ पट्टी तुटलीये, ती सोल्डरने जुळणारी नाही, नवीन लागेल. पट्टी कुठेच मिळेना. मग दुसरा गेमच बघायला निघाले. आणि काय बघते, जो साडेनऊला ढकलत होते तो आता वापरलेला, ओरखड्यांसकट, सतरा हजार. कारण बनवायचं बंद झालं, दुकान बंद झालं, आणि जे बंद होतं ते जमवणारे लोक असतात. त्या लोकांना तो खेळायचाही नसतो. काचेत ठेवायचा असतो. माझ्या बहिणीला उजव्या हाताने चार तास काढायचेत, आणि हे लोक खोकं न फोडता कपाटात ठेवणार, म्हणून सतरा. आधी फेकायच्या भावात, मग सोन्याच्या भावात, आणि वस्तू तीच, तिच्यात एक कणही बदललेला नाही.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका दुकानात एक होता. अर्धी रजा टाकून थेट तिथे गेले. दुकानदार सतरा म्हणाला आणि माझ्याकडे बघत थांबला. माझं तोंड उघडलंसुद्धा. मग मी बँकेचं कार्ड पुढे केलं. त्याने पैसे घेतले आणि आपणहून म्हणाला की एक पेन जास्तीचं टाकतो. मी त्याच्यावरच खेकसले की पेन राहू दे, आधी दोन्ही पडदे चालू करून दाखव, आणि हा एवढ्याला का आहे आणि याच्यात काय बिघडलेलं आहे ते सांग. तो बिचारा घाबरून सगळं दाखवत बसला. काही बिघडलेलं नव्हतं.

शुक्रवारी ताईला दिला. तिने आधी स्क्रू बघितले, मग बिजागरी, मग कितीला म्हणून विचारलं. मी खोटं सांगणार होते, पण पावती खोक्यातच राहिलेली.

"सतरा?" ताई उठून बसायला गेली, तंत्रज्ञाने तिचा डावा हात धरून ठेवला. "जुन्याचे सतरा? अगं, तू परचेसला ना? काही कमी कर म्हणायला तोंड नव्हतं तुला?"

मी म्हटलं की नव्हतं. ती बराच वेळ पुटपुटत राहिली, सतरा हजार, सतरा हजार, माझी पेन्शन काय आणि ही काय उधळते. तंत्रज्ञ हसत होता. मला हसू येत नव्हतं. मला तिचा राग आला, मग त्या दुकानदाराचा, मग काचेत ठेवणाऱ्या सगळ्या लोकांचा. ताईने चिप जुन्यातून काढून नव्यात घातली आणि पेन हातात घेतलं. साडेबारा वाजलेले, अजून साडेतीन तास होते.